बोटांखालचा गंज

माझ्या तळहातांना घाम येतो. उन्हाळ्यात येतो तसा थंडीतही येतो, आणि कुणी "एवढा घाम का गं?" असं विचारलं की जास्तच येतो. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागायचा. लग्न लावणाऱ्या स्वामींनी माझा हात नवऱ्याच्या हातात दिला, तेव्हा तो माझ्याशी नवरा म्हणून पहिलं वाक्य बोलला ते, "भ्यालीस व्हय?" मी अजिबात भ्याले नव्हते. पण ओला हात बघितला की लोक आपापले अर्थ लावतात, आणि खुलासे करत बसायचा मला लहानपणापासून कंटाळा.

या हातांपायी नोकरीवर गदा येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. तिथं पंपांचे शाफ्ट बनायचे. लेथ, ग्राइंडिंग सगळं होऊन चकचकीत झालेला शाफ्ट शेवटी माझ्याकडे यायचा. मी तो मायक्रोमीटरनं मोजायचे, बरोबर असेल तर पुसून तेलाच्या ट्रेमध्ये बुडवायचे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुढे पाठवायचे. त्या टेबलावर बसलेली मी पहिली बाई. पुरुषांनी सुरुवातीला "मापात पाप नको हं ताई" वगैरे विनोद करून घेतले, मग माझी मापं चुकत नाहीत हे कळल्यावर गप्प बसले. मला ते टेबल फार आवडायचं. घरात कितीही राबलं तरी काम बरोबर झालं की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवणार. इथं मायक्रोमीटर ठरवायचा, आणि त्याला माझ्याशी काही वाकडं नव्हतं.

त्या टेबलावरच्या माझ्या पहिल्याच आषाढात एक खोकं पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून परत आलं. मालकांनी त्यातला एक शाफ्ट माझ्यासमोर ठेवला. चकचकीत लोखंडावर तपकिरी बोटं उमटली होती, कातडीची रेघ न् रेघ दिसत होती. वरचं तेल तसंच होतं, प्लॅस्टिकही फाटलेलं नव्हतं.

"पुसल्याशिवाय तेलात टाकता काय ताई?"

"पुसते की साहेब. प्रत्येक पुसते."

"मग हे काय आभाळातनं पडलं?"

मालक वाईट माणूस नव्हता. तोंडानं फटकळ, पण दिवाळीला प्रत्येकाच्या घरी स्वतः मिठाई घेऊन जाणारा. तो म्हणाला, "गणपतीपर्यंत बघतो. परत खोकं आलं तर तुम्ही पॅकिंगला बसा, टेबलाला दुसरं कोणतरी बघू." पॅकिंगला बसण्यात मला कमीपणा नव्हता. पण निष्काळजी म्हणून बसायचं, हे माझ्या डोक्यात गेलं. मी शाफ्ट पुसत होते. देवघरातलं निरंजन पुसावं तसं पुसत होते. माझं कुणी ऐकून घेत नव्हतं याचा मला इतका राग आला की बसमध्ये शेजारच्या बाईनं छत्रीचं पाणी माझ्या साडीवर सांडलं, तेव्हा मी तिच्याशी गरजेपेक्षा बरंच जास्त भांडले.

हातमोजे का नाही घातले, असं कुणी विचारेल. कारखान्यात होते सुती हातमोजे. माझ्या हातात ते चहाच्या सुट्टीच्या आत ओलेचिंब व्हायचे. रबरी घातले तर आत डबकं.

त्या दिवसांत अव्वा, म्हणजे माझी आई, आमच्याकडे होती. माझं माहेर कुरुंदवाडचं. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की अव्वा पिशवी भरून कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर यायची, आणि पाणी उतरलं की एक दिवसही न थांबता परत जायची. दाराची बेल एकदा दाबली की दार उघडेपर्यंत सोडायची नाही. सकाळी गॅलरीत बसून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि मग पानाचा डबा घेऊन खालच्या कोचिंग क्लासच्या पोरापोरींकडे बघत बसायची. "एवढी शिकत्यात, आन् गाडी बघ कुठं लावत्यात," हे तिचं रोजचं. अव्वा जाऊन आता काही पावसाळे झाले. पाऊस लागून राहिला की अजूनही माझा एक कान बेलकडे असतो, आणि कुणी बेल जरा जास्त वेळ दाबली की मी हातातलं काम टाकून दाराकडे धावते. दारात कुरिअरवाला असतो.

तर, मी त्या दिवशी घरी आले आणि तोंड फुगवून बसले. अव्वानं एका दमात सगळं काढून घेतलं.

"लोखंडाला काय लावायचं ती बघ की मग," ती म्हणाली. "घरात काय कमी हाय? तेल हाय, तूप हाय, माझा चुना हाय."

मला ते पटलं. तेल लावूनही बोटं उमटतात, तर कारखान्याच्या त्या तेलातच दम नसेल, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारून भंगारातले पेढ्याएवढे तुकडे घरी आणले, एका बाजूनं घासून आरसा केलेले. आणि मोठ्या परातीत ओलं फडकं अंथरून आमची प्रयोगशाळा सुरू झाली. पावसाळी हवा तर फुकटच होती, कोल्हापुरात श्रावणात मीठसुद्धा रडतं.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारायला नको होतं. एकानं राख सांगितली, एकीनं टूथपेस्ट, एका मावसभावानं ‘पॉझिटिव्ह विचार’ सांगितले. माझ्या नवऱ्यानं दाढीची तुरटी सुचवली. मी नखांचं पॉलिशही लावून पाहिलं, तर तो म्हणाला, "झकास. गुलाबी शाफ्ट पाठव पुण्याला." त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर बारीक स्क्रू उचलून उचलून त्याची बोटं कोरडी खडखडीत, पावसाळ्यातही. त्याला माझ्या घामाचं कायम हसू.

मी एकेका तुकड्याला बोटानं नीट चोळून लावलं. खोबरेल, शेंगतेल, व्हॅसलीन, मेणबत्तीचं मेण गरम करून. अव्वानं डब्यातला चुना दिला, तो पाण्यात कालवून एक तुकडा त्यात बुडवून ठेवला. तूप लावायच्या वेळी माझे हात कणकेत होते, म्हणून तो एक तुकडा नवऱ्यानं केला. जेवता जेवता, भाकरीवर घ्यावं तसं बोटभर तूप घेऊन.

काही दिवसांनी परात बघितली तर माझी सगळी मेहनत तपकिरी झाली होती. तुरटीचा तुकडा सर्वांत लाल. चुन्यातला बरा होता, पण त्यावर पांढरं पापुद्र्यासारखं बसलेलं, शाफ्टला ते चालणार नव्हतं. खोबरेल, शेंगतेल, व्हॅसलीन, सगळ्यांच्या खाली माझी बोटं जशीच्या तशी. आणि तुपाचा तुकडा मात्र लख्ख.

मला वाटलं, जिंकले. तूप. मी अख्खी बरणी काढली आणि उरलेल्या सगळ्या तुकड्यांना तूप फासलं. अव्वाचा जीव वरखाली. "अगं घरचं लोणी कढवून केलेलं तूप हाय ती. लोखंडाला चारतीस?" मी ऐकते कुठली. पुढच्या काही दिवसांत घरभर वास सुटला, मुंग्या आल्या, आणि ते सगळे तुकडे गंजले.

नवरा परातीपाशी उभा राहिला, आपला लख्ख तुकडा हातात घेऊन. "तुपात काय न्हाय. आमच्या हाताला गुण हाय," असं म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

तो चेष्टा करत होता. पण मी तिथंच खाली बसले. सगळे तुकडे मी केले होते, हा एक त्यानं. फरक तुपाचा नव्हताच. मी तेल लावत होते ते माझ्याच बोटांनी, म्हणजे आधी घाम आणि त्यावर तेल. झाकण घालून घाम आत कोंडत होते. कारखान्यातही तेच. पुसायचे, मग उचलून तेलात टाकायचे, आणि उचलायचे कशानं, तर याच हातांनी.

खात्री करायला आम्ही साधा खेळ केला. रात्रीच्या जेवणाआधी कोऱ्या तुकड्यांवर प्रत्येकानं नुसती बोटं दाबायची, काही न लावता. नवऱ्यानं दाबली, मी दाबली. अव्वा म्हणाली, "माझी बी घे." मी घेतली, तीही तिला बरं वाटावं म्हणून.

नवऱ्याचा तुकडा गंजला नाही. माझा गंजला. अव्वाचा माझ्यापेक्षाही जास्त गंजला.

मी हसत हसत तो तिच्या हातात दिला. "बघ, मी कुणावर गेले ते." अव्वा हसली नाही. ती तुकडा उजेडात धरून बघत राहिली, पदरानं चष्मा पुसून परत बघितला. तिचे हात माझ्यासारखेच ओले होते, आणि इतकी वर्षं ते हात धरून मी मोठी झाले तरी मला ते कधी जाणवलं नव्हतं. ओल्या हाताला ओला हात कसा कळणार?

"माझी विळी बी अशीच व्हायची," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. लग्नात तिला माहेरानं आंदणात विळी दिली होती. थोरल्या जावेची विळी वेगळी, हिची वेगळी. सकाळी दोघी शेजारी बसून भाजी चिरायच्या. अव्वा रोज रात्री विळी धुऊन, पुसून, बोटानं तेल फिरवून भिंतीला उभी करून ठेवायची. बहुतेक दिवस ती सकाळी चांगली असायची. पण थोरली जाऊ माहेरी गेली की हटकून विळीवर लाल ठिपके, आणि हटकून त्याच दिवसांत सासूचं लक्ष विळीकडे. "बाईचं वळण विळीवर दिसतंय," असं सासू चार बायकांत म्हणायची. माहेरचा उद्धार व्हायचा. आमच्या अज्जीचं तोंड मला माहीत आहे, ती काय काय बोलली असेल याची मी कल्पना करू शकते.

"मला वाटायचं, आक्का माहेरी गेल्यावर काम डबल पडतंय, म्हणून माझ्याच्यानं हयगय हुती. मी परत परत पुसायचो. जास्त पुसलं की जास्त गंज." तिनं तुकड्यावरून नख फिरवलं. "आन् आक्काचा बी राग यायचा. जाताना सासूच्या कानाला लागून जात असणार, बघा जरा तिची विळी म्हणून. न्हायतर तिच्या माघारीच बरं सापडायचं?"

आक्का म्हणजे ती थोरली जाऊ, माझी दोड्डव्वा, म्हणजे थोरली काकू. वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली, दोघी म्हाताऱ्या झाल्या, तरी अव्वा तिच्याशी कामापुरतंच बोलायची. का, ते मला त्या दिवशी कळलं.

"म्हंजे मी आळशी न्हवतो," अव्वा म्हणाली. हे तिनं मला सांगितलं की विचारलं ते कळेना. मी म्हटलं, "नव्हतीस अव्वा. कधीच नव्हतीस." शाफ्टसाठी मी एवढा थयथयाट केला होता, आणि ही बाई आयुष्यभर तोच आळ गप्प गिळून बसली होती.

कारखान्यातलं प्रकरण त्यामानानं लवकर मिटलं. मी तुकडे मालकांसमोर मांडले आणि माझा हात पुढे केला. त्यांनी हात बघितला, तुकडे बघितले. "मग आधी सांगायचं की ओ," एवढंच म्हणाले. मी मोजून झाल्यावर शाफ्टला हात लावायचा नाही, दुसऱ्यानं स्पिरिटच्या फडक्यानं पुसून चिमट्यानं तेलात सोडायचा, असं ठरलं. गणपतीपर्यंत खोकं परत आलं नाही. मी टेबलावर राहिले, अजून आहे.

पण अव्वाचं मिटलं नव्हतं. तिनं आपला तो गंजका तुकडा आणि नवऱ्याचा लख्ख तुकडा रुमालात बांधून पानाच्या डब्याशेजारी ठेवला होता. "सासू गेली. नणंदा गेल्या. बोलणारी सगळी गेली," ती म्हणाली. "आक्का तेवढी हाय. तिला दाखवतो."

"कशाला अव्वा, आता कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवलंय की."

पाणी उतरल्याचा फोन आला आणि मी रजा टाकून तिला कुरुंदवाडला घेऊन गेले. त्या वर्षी पाणी स्वयंपाकघरात शिरलं होतं. गल्लीभर घरांतलं सामान बाहेर उन्हात मांडलेलं. गाद्या, ट्रंका, पितळी भांडी, जंतू मारायच्या पावडरीचा उग्र वास. लोखंडाचं जे जे होतं ते सगळ्यांचं सारखंच तांबडं झालं होतं. दोड्डव्वा नेसरीला लेकीकडे गेली होती, ती आमच्या आधी परत आली होती, आणि अव्वाच्या बाजूचं सामानही तिनंच बाहेर काढून ठेवलं होतं. पायरीवर बसून राखेनं कढई घासत होती.

अव्वानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. रुमाल सोडून दोन्ही तुकडे तिच्यासमोर धरले.

"आक्का, ही बघ. ही माझी बोटं. ही जावयाची. माझा घाम लोखंडाला खातोय. मी विळी पुसत न्हवतो म्हणून गंजायची, असं न्हाय." ती घाईघाईनं बोलत होती, जसं काही कुणी मधेच तोडेल. "सासूला सांगायचीस न्हवं तू, माझी विळी बघा म्हणून? बघ आता."

दोड्डव्वानं राखेचा हात पदराला पुसून गंजलेला तुकडा घेतला. डोळ्यांजवळ नेला.

"मला काय दाखवतीस?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय की."

"काय म्हाईत हाय?"

"तू विळी पुसून, तेल लावून ठेवायचीस. मी बघत हुतो की रोज. आन् पहाटं चुलीकडं आलो की तुझ्या विळीवर लाल ठिपकं. राखंनं घासून, तेलाचं फडकं फिरवून परत हुती तिथं उभी करायचो. सासू उठायच्या आत."

"रोज?"

"गावाला गेलो की ऱ्हायचं."

मी अव्वाकडे बघितलं. तिच्या तोंडाचा रंग उतरला होता. जाऊ माहेरी गेलेल्या त्या सगळ्या सकाळी तिला एकदम उलट बाजूनं दिसत असणार.

"मग मला सांगितलं का न्हाईस?" अव्वा अगदी हळू म्हणाली.

"काय सांगू? तुझा हात वाईट हाय म्हणून सांगू? म्या सांगितलं असतं, तू रडली असतीस, सासूनं कारण काढलं असतं. आळशी सून खपती गं. वाईट हाताची खपत न्हाय. माघारी धाडलं असतं तुला."

तुकडा पायरीवर ठेवून ती परत कढई घासायला लागली होती, आणि घासता घासताच हे सगळं सांगत होती. मग कढई बाजूला ठेवून तिनं अव्वाच्या सामानाच्या ढिगातून तिची ती आंदणातली विळी ओढून काढली. पातं पार तांबडं झालं होतं, पाटाला चिखल. अव्वा पुढे होऊन ती घ्यायला वाकली.

"तू हात लावू नगंस," दोड्डव्वा म्हणाली आणि राखेची मूठ भरून पातं घासायला लागली.

अव्वा तिच्या शेजारी पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. विळी उजळेपर्यंत ती दोन्ही हात मांडीत ठेवून बसून राहिली.